निकालाच्या आठवड्यात सोलापूर

रविवार

शाळेच्या गणवेशाचा सीझन आणि मुलांचा सीझन एकाच वेळी येतो, त्याला इलाज नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याआधी दुकानांत माल लागलेला हवा, म्हणजे शिलाई, तपासणी, पॅकिंग सगळं एप्रिल-मेमध्ये उरकायला हवं. नेमक्या त्याच दिवसांत घरी परीक्षा संपतात, निकाल लागतात, पोहण्याचे वर्ग सुरू होतात, नात्यात कुणाची तरी मुंज निघते. मी पुण्यातल्या एका गणवेश पुरवणाऱ्या कंपनीत माल तपासायचं काम करते. आमचा बराचसा माल सोलापुरात शिवला जातो. त्यामुळे दर उन्हाळ्यात कुठला दिवस कुणाचा, याची वाटणी मला नव्याने करावी लागते.

यंदा मोठी चौथीत होती. तिची शाळा चौथीपर्यंतच आहे. एक मेचा निकाल म्हणजे तिचा त्या इमारतीतला शेवटचा दिवस, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळलेलं होतं. बाईंना द्यायचं कार्ड तिने परीक्षेच्या आधीच करून ठेवलं होतं. धाकटा साडेपाच वर्षांचा. त्याचा खालचा पुढचा दात आठवडाभर हलत होता आणि दिवसातून दहादा तो सगळ्यांना हात लावून बघायला लावत होता.

'लवकर येते' असं मुलांना सांगू नये, हे माझं पक्कं मत आहे. लवकर म्हणजे कधी हे मुलांना कळत नाही, आणि खरं तर आपल्यालाही ठाऊक नसतं. वार सांगावा. निघायच्या आदल्या रात्री मी मोठीला सांगितलं, "गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघेन. शुक्रवारी तू उठशील तेव्हा मी घरात असेन. झेंडावंदनाला आणि निकालाला मीच येणार. पोहण्याच्या वर्गाचा पहिला आठवडा मात्र मला जमणार नाही, तिथे बाबा येतील." तिने नीट ऐकून घेतलं आणि कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात एक आगगाडी काढली. धाकट्याला दाताबद्दल मी काहीच वचन दिलं नाही. दात कुणाच्या सांगण्यावरून पडत नाही.

सकाळची इंटरसिटी पकडली. दौंड गेलं, भिगवण गेलं आणि खिडकीतून उजनीचं पाणी दिसायला लागलं. हिवाळ्यात इथे रोहित पक्षी बघायला लोक पहाटेपासून येतात. एप्रिल संपत आला की पाणी मागे सरकतं आणि मधली गाळाची जमीन उघडी पडते. सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी याच धरणातून जातं, शंभरएक किलोमीटरवर. तरीही शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि ते आलं की घरातली सगळी कामं बाजूला राहतात. त्यामुळे तिथल्या शिलाई कारखान्यात एखादी बाई उशिरा आली तर कारण विचारायची गरज पडत नाही.

समोरच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं, बाईच्या मांडीवर दहा-अकरा महिन्यांचा मुलगा. जावळ काढायला तुळजापूरला निघालेले. त्यांच्या घरचा मान तिथला. बाळाचा बाप हैदराबादला नोकरीला होता आणि त्याला फक्त दोन दिवसांची रजा मिळाली होती. तो सारखा बाळाच्या केसांतून हात फिरवत होता, उद्या हे नसणार म्हणून. बायको म्हणाली, "चालायला लागलाय, पण यांनी अजून बघितलं नाही. रांगतानाच बघितलंय." त्यावर तो म्हणाला, "दोन दिवसांत बघतो की." कुर्डुवाडीला बरीच माणसं उतरली आणि डबा मोकळा झाला, तेव्हा त्याने बाळाला दोन बाकांच्या मधल्या जागेत उभं केलं आणि स्वतः टोकाला जाऊन उकिडवा बसला. गाडी हलत होती, त्यामुळे बाळ दोन पावलं टाकून बसलं. डब्यातल्या आम्हा सगळ्यांना तेवढंही पुरलं. मोहोळ जाईपर्यंत हाच कार्यक्रम चालला होता.

सोलापूर स्टेशनवर उतरलं की पहिल्यांदा तोंडावर ऊन येतं. या दिवसांत पारा ४२-४३ अंशांवर असतो. दुपारी दोन ते चार रस्ते रिकामे, रसवंतीगृहांपुढे मात्र गर्दी.

सोमवार

अशोक चौकाकडून आत वळलं की सोलापूरचा पूर्वभाग लागतो. पद्मशाली विणकरांची ही वस्ती. तेलंगणातून आलेली कुटुंबं, घरात तेलुगू, बाहेर मराठी. जॅकार्ड मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी सोलापुरी चादर देशभर पोचवली ती इथल्याच लोकांनी. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मी ज्या कारखान्यात जाते तिथेही पूर्वी यंत्रमाग होते. मालकांच्या वडिलांनी आयुष्यभर चादर विणली. चादरीतून घर चालेनासं झालं तेव्हा मुलाने माग विकले आणि त्याच हॉलमध्ये शिलाई मशीनच्या रांगा लावल्या. कचेरीत मार्कंडेय महामुनींची तसबीर मात्र होती तिथेच आहे, रोज ताज्या हारासकट. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. मीही तेच म्हणते.

सकाळी नऊला मी पहिलं बंडल सोडलं आणि दहा वाजायच्या आत गडबड लक्षात आली. नेव्ही ब्लू स्कर्ट, प्लेटांचे. ट्यूबलाइटखाली सगळे एकसारखे दिसत होते. दोन स्कर्ट घेऊन दारात, सावलीतल्या उजेडात गेले तर एकाचा पुढचा भाग निळसर आणि मागचा भाग काळपट. कापड भिलवाड्याचं, पॉलिस्टर-व्हिस्कोस, चांगलं कापड. पण दोन वेगवेगळ्या वेळी रंगवलेले ताके एकत्र आले होते आणि कटिंग टेबलावर त्यांचे थर एकमेकांवर लावले गेले होते. तेवढ्यानेही बिघडलं नसतं. प्रत्येक थराच्या तुकड्यांना एकच नंबर चिकटवला की एका स्कर्टात एकाच ताक्याचे तुकडे जातात. गर्दीच्या दिवसांत ते नंबर चिकटवायचे राहिले होते.

लांबून बघणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा फरकाने काय होतंय. मला मात्र तो वर्गाच्या रांगेत उभा असलेला दिसतो. नवा स्कर्ट पहिल्या दिवशी घालून गेलेल्या मुलीला शेजारची मुलगी विचारणार, तुझा मागून जुना आहे का गं? मोठीला मी हे प्रश्न घरी घेऊन येताना पाहिलेलं आहे. म्हणून रंगाच्या शेडच्या बाबतीत मी सोडत नाही.

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतः एक स्कर्ट उजेडात धरला, दोन्हीकडून बघितला आणि कटिंग मास्टरला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मास्टर खाली मान घालून गेला. मग मला म्हणाले, "ताई, सगळा माल अंगणात काढतो. जुळणारे वेगळे, न जुळणारे वेगळे. उसवायला लागलं तर उसवू." ते म्हणणं सोपं, करणं कठीण. शिवलेला स्कर्ट उसवून पुन्हा जोडायचा म्हणजे शिवण्याच्या दुप्पट वेळ, आणि शिवणाऱ्या बाईला पीसवर पैसे मिळतात. मी तेव्हाच स्पष्ट विचारलं, उसवण्याची मजुरी कोण देणार? अण्णा म्हणाले, नंबर लावले नाहीत ही कारखान्याची चूक, मजुरी कारखाना देणार. हे मी वहीत लिहून घेतलं, आणि बायकांच्या समोर लिहिलं.

संध्याकाळी आठला घरी फोन. ही वेळ ठरलेली आहे आणि ती मी चुकवत नाही, मग समोर कुणीही बसलेलं असो. मोठीने पोहण्याच्या वर्गाचं सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी फक्त पायऱ्यांवर बसून पाय हलवायला लावले. तिचा फार अपेक्षाभंग झाला होता. तिला थेट खोल पाण्यात जायचं होतं.

मंगळवार

सकाळी साडेसातलाच अंगणात सतरंज्या अंथरल्या. ऊन चढायच्या आत जेवढं बघून होईल तेवढं बघायचं, कारण प्रखर उन्हात डोळे दिपतात आणि सगळेच निळे सारखे वाटायला लागतात. धागे कापणाऱ्या बायकांना मी मदतीला घेतलं. शेड ओळखायला मशीनवाल्यांपेक्षा त्यांची नजर चांगली, त्यांच्या हातातून प्रत्येक पीस जातो.

सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे बायकांची मुलंही बरोबर आलेली. आठ-दहा पोरं कापडाच्या चिंध्यांच्या ढिगावर खेळत होती. कुणी हटकत नव्हतं. या कारखान्याची ही गोष्ट मला आवडते. बायकांतल्या एकीने, जी लहानपणी आईबरोबर विड्या वळायची आणि आता इथे धागे कापते, माझ्यासमोर स्कर्टची खालची दुमड दोन बोटांत धरली आणि विचारलं, "ताई, ही पट्टी एवढीच का ठेवली? पुढच्या वर्षी उसवायला काय राहणार?"

मी टेप लावली. दुमड एक इंचाची होती, आमच्या कंपनीच्या कागदावर लिहिल्याप्रमाणेच. तिने तिच्या मुलीला हाक मारली, सहावीत गेलेली, किडकिडीत पोर. मुलीने घरचा जुना स्कर्टच घातला होता. आईने त्याची कड उलटून दाखवली. आत दोन रेघा होत्या, जुन्या शिलाईच्या, पहिली फिकट, दुसरी त्याहून जराशी गडद. दोनदा दुमड सोडलेली. रेघांमधलं अंतर म्हणजे त्या पोरीचं एकेक वर्ष. बाई म्हणाली, "दोन इंच असली की तीन वर्षं निघतात. एक इंच असली की दीड वर्षात नवा घ्यायला लागतो."

दोन इंच दुमड म्हणजे एका स्कर्टला इंचभर जास्त कापड. संपूर्ण ऑर्डरवर तो खर्च दिसतो, हे मला माहीत आहे. तरी दुपारी मी ऑफिसला फोटो पाठवले, त्या दोन रेघांसकट, आणि लिहिलं की न कापलेल्या ताक्यांपुरती तरी दुमड दोन इंचांची करावी. गणवेश शाळा ठरवते, पैसे आईबाप मोजतात. माल तपासणारीने फक्त शिलाई सरळ आहे का एवढंच बघावं, हे मला पटत नाही. संध्याकाळी उत्तर आलं, मोठ्या मापांना करा, छोट्या मापांना राहू द्या. माझ्या मते छोट्या मापांनाही ती हवी, लहान मुलंही वाढतच असतात. पण निम्मं मिळालं ते घेतलं आणि मास्टरला लगेच खडूने नवी खूण आखून दिली.

दुपारचं जेवण अण्णांच्या घरी, कारखान्याच्या वरच. जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, आमटी. ही भाकरी ज्वारीचीच, पण पातळ थापून, भाजून वाळवलेली, पापडासारखी मोडते आणि आठवडाभर टिकते. चटणी खरी सोलापूरची ती उखळात कुटलेली. भाजलेले दाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमधून काढली की ती भुकटी होते, चटणी होत नाही. अण्णांच्या पत्नी, अक्का, लोणच्याच्या कैऱ्या चिरत होत्या. मी सहज विचारलं, मुलाचं लग्न यंदा उन्हाळ्यात का? अक्का हसल्या. "आमच्या घरात उन्हाळ्यात काहीच करत नाही. लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळं दिवाळीनंतर. मे महिन्यात अण्णा जेवायला खाली-वर येतात तेवढंच." त्यांच्या धाकट्या मुलीचा वाढदिवस मेमध्ये येतो. लहानपणापासून तो डिसेंबरात साजरा होत आला. मुलीला आता सवय झाली आहे, असं त्या म्हणाल्या.

मला ते ऐकून बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. लग्न पुढे ढकलता येतं, वास्तुशांत येते. पण निकालाचा दिवस ढकलता येत नाही, शाळेतला शेवटचा दिवस डिसेंबरात साजरा करता येत नाही. जे हलवता येतं ते हलवायचं, हे अण्णांच्या घरचं शहाणपण मी घेते. बाकीच्या दिवसांसाठी मात्र कामाला आधीच सांगून ठेवावं लागतं, की हा दिवस माझा.

रात्री आठला व्हिडिओ कॉल लावला तर पडदाभर नुसतं उघडं तोंड. दात पडला होता. चारच्या सुमारास, काकडी खाताना. रक्त किती आलं, कुठून आलं, काकडीवर कसं लागलं, सगळं मला ऐकवण्यात आलं. सासूबाईंनी दात लगेच छपरावर टाकू या म्हटलं, उंदीर नवा दात देतो ते. पण हा पठ्ठ्या ऐकेना. दात कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून ठेवलाय, आई आल्याशिवाय टाकायचा नाही. डबी उघडून त्याने कॅमेऱ्याच्या इतकी जवळ धरली की मला काहीच दिसलं नाही. मी म्हटलं, फार छान आहे. फोन ठेवल्यावर लॉजच्या गॅलरीत थोडा वेळ उभी राहिले. रडू आलं, आणि ते आलं त्यात मला काही गैर वाटत नाही.

बुधवार

सकाळी कारखान्यात उसवण्याचं काम चालू होतं. मला तासाभरासाठी तिथे काही करण्यासारखं नव्हतं. मग रिक्षा केली आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक बघून आले. सोलापूरला इतकी येत असून बघायचं राहिलं होतं. जुन्या घराचं महापालिकेने स्मारक केलं आहे. कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. तिथे असतानाच वडील गेल्याचं कळलं, तरी आले नाहीत. तिथेच लग्न केलं, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला ते गेले. वय ३२.

शाळेत असताना हे सगळं पाठ केलं होतं. तेव्हा तारखा होत्या. आता तो हिशेब मी वेगळा करते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. म्हणजे मान धरायला लागला असेल, बापाला ओळखून हसायला लागला असेल. पालथा पडायचा असेल अजून. चार वर्षं युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या माणसाला आपल्या मुलाचे एवढे साडेतीन महिने मिळाले. माझ्या चार रात्रींच्या दौऱ्याशी त्यांची तुलना करण्याचा प्रश्नच नाही, कामाची जातच वेगळी. पण भिंतीवरच्या त्या फोटोंपुढे मी बराच वेळ उभी राहिले ती आई म्हणूनच.

परत येताना चार हुतात्मा चौकावरून आले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात या शहरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचं नाव यांच्यावरून आहे, हे मोठीला सांगायचं मनात नोंदवलं.

दुपारी ऑफिसचा फोन. दुमडीचा विषय नव्हता. माल शनिवारी दुकानात हवाय, उसवण्यात दोन दिवस गेले, तर शुक्रवारीही कारखाना चालू ठेवून घे आणि तू थांब. मी म्हटलं, शुक्रवारी मी नाही, हे मी मार्चमध्येच कळवलेलं आहे. पलीकडून, "एकच दिवस." हे एकच दिवस प्रकरण नोकरीत मुलंबाळं असणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. दिवस एकच असतो खरा, पण नेमका तोच असतो. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या, किती माल बाकी आहे, किती मशीन आहेत, कधी निघू शकतो, सगळं मांडून पाठवते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सिद्धेश्वरला गेले. तलावाच्या मधोमध मंदिर, पलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली आणि हा तलाव लोकांकडून खोदून घेतला, असं इथे सांगतात. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलमध्ये मात्र माणसं शांतपणे बसलेली असतात, मुलं माशांना चुरमुरे टाकत असतात. मी तिथेच कट्ट्यावर बसून वहीत हिशेब केला आणि पाठवून दिला. घाटावर एक आजोबा नातवाला पाण्याच्या कडेला धरून उभे होते आणि नातू हात सोडा, हात सोडा म्हणून ओरडत होता.

गुरुवार

सकाळी कारखान्यात पोचले तर वातावरण तापलेलं. ऑफिसने थेट अण्णांनाही फोन केला होता. अण्णांनी बायकांना विचारलं, शुक्रवारी अर्धा दिवस याल का, दुप्पट देतो. कुणी तयार नव्हतं. एक तर कामगार दिन. कापडाच्या आणि विडीच्या या गावात त्या दिवसाला किंमत आहे, लाल बावट्याच्या मिरवणुका बघत ही माणसं मोठी झालेली. आणि दुसरं कारण तेच, माझं. जुन्या स्कर्टची कड दाखवणारी ती बाई अण्णांपुढे येऊन म्हणाली, "अण्णा, पोरीचा निकाल हाय. झेंड्याला जायचंय. तिच्या बापाला सुट्टी नसते, मीच जाते दरवर्षी."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी जर हट्ट धरला असता तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, आणि त्यातल्या काहीजणी आल्याही असत्या. मी म्हटलं, "शुक्रवारी मशीन लावू नका. आज रात्री आठपर्यंत चालवू, शनिवारी सकाळी सातला सुरू करू. शेडचं काम संपलंय, आता नुसती काज-बटणं, प्रेस आणि पॅकिंग राहिलंय. टेंपो शनिवारी रात्री निघाला तर रविवारी पहाटे पुण्यात. दुकानं सोमवारी उघडतात." हेच मी आदल्या संध्याकाळी ऑफिसला लिहिलं होतं. उत्तर आलं नव्हतं. अकराच्या सुमारास आलं: ठीक आहे, रविवारी माल चुकायला नको.

ते चालेल की नाही हे शेवटी मशीनवरच्या बायकांच्या हातात होतं, आणि त्या दिवशी त्यांनी जे काम केलं ते मी बघितलं आहे. दुपारी तासभर वीज गेली. सगळ्या हॉलमधून "लाईट जाऊ लालीय सारखी" असा एकच सूर. पण कुणी उठलं नाही, खिडक्यांशी सरकून हाताने बटणं लावत राहिल्या. मी माझ्या बाजूने शेवटची तपासणी केली. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का बघितलं, धुवून वाळवलेल्या चौकोनाची मापं घेतली, कापड किती आटलं ते टिपलं. सगळं ठीक. शनिवारच्या तपासणीसाठी अण्णांच्या मुलाला सगळं दाखवून ठेवलं, काय बघायचं, कशाचा फोटो पाठवायचा. तो शिकलेला आणि लक्ष देणारा मुलगा आहे. हे काम मी त्याला आधीच्या सीझनपासून शिकवते आहे, ते अशाच दिवसासाठी.

निघताना अक्कांनी चटणीचा डबा आणि जुन्या पेपरात बांधलेली कडक भाकरी दिली. मी त्या बाईला विचारलं, मुलीला किती टक्के पडतील? ती म्हणाली, "पडतील तेवढे पडतील. चित्रकलेत पहिली येती."

रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. पुणं मध्यरात्रीनंतर येतं, त्यामुळे गजर लावून झोपले आणि गजराआधीच उठून बसले.

शुक्रवार

घरी पोचले तेव्हा सगळे झोपलेले. दोन तास झोपून साडेसहाला मोठीला उठवलं. तिने डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं, "इस्त्री केली का?" केली होती, बाबांनी.

शाळेच्या मैदानावर झेंडावंदन, राज्यगीत, मुख्याध्यापकांचं छोटं भाषण. मग वर्गात प्रगतिपुस्तकं. श्रेणी बऱ्या होत्या, गणितात जरा कमी. मी वर्णनात्मक नोंदी वाचत बसले. बाईंनी लिहिलं होतं, 'गटात काम करताना मागे राहिलेल्यांना सोबत घेते.' हे मी घरी कधी पाहिलेलं नाही, घरी ती धाकट्याला मागेच ठेवते. तिच्या बाईंना चार वर्षांत तिची एक बाजू दिसली जी मला दिसलेली नव्हती, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. मोठीने कार्ड दिलं आणि दोघींना रडू फुटलं. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुली रडत होत्या. मुलं बाहेर एकमेकांच्या शर्टांवर पेनाने सह्या करत होती, आणि नवा शर्ट जूनमध्ये घ्यायचाच आहे म्हणून कुणी आई रागावत नव्हती.

घरी आल्यावर आम्ही सगळे गच्चीवर गेलो. धाकट्याने डबीतला दात काढला, पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर फेकला, आणि तो पत्र्यावरून घरंगळत शेजारच्या गच्चीवर गेला. तिथला उंदीर चालेल का, यावर जेवायला बसेपर्यंत चर्चा चालली. सासूबाईंनी चालेल असा निकाल दिला.

जेवताना चटणी-भाकरी वाढली. मोठीने विचारलं, "तू परत कधी जाणार?" मी वार सांगितला, मेच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार, हाफ पँटचा माल आहे. ती म्हणाली, "मग मी येते. पोहण्याचा वर्ग तेव्हा संपलेला असेल. मला चिंध्यांच्या ढिगावर बसायचंय." सुट्टीत तिला न्यायला हरकत काहीच नव्हती. ऊन आहे, पण सोलापूरची मुलंही त्याच उन्हात असतात. मी अण्णांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "विचारता काय ताई, घेऊन या. आमच्याकडेच राहू दे, लॉजवर नको." त्याच संध्याकाळी सकाळच्या इंटरसिटीची दोन तिकिटं काढली. मोठीची अट एकच, तिला खिडकी, आणि उजनीचं पाणी आलं की मी फोनवर बोलायचं नाही.